घरच्या घरी मराठी वाचन : बायबलची प्रत कितपत उपयोगी?

इंग्रजी माध्यमात दुसरीत शिकणारी आमची मुलगी मराठी सफाईने बोलते, पण वाचताना जोडाक्षर आले की अडखळते. तिच्याकडून घरी वाचन करून घेण्यासाठी आम्ही मराठी बायबल वापरतो, त्याविषयी हा अभिप्राय. मुलाची बाराखडी पक्की झालेली नसेल, तर या ग्रंथाला हात घालू नये. ती झाली असेल, तर मात्र सरावासाठी इतका विविध मजकूर एका ठिकाणी क्वचितच मिळेल.

सर्वाधिक उपयोग झाला तो बायबलमधल्या स्तोत्रांपैकी स्तोत्र 136 चा. त्यात 26 वचने असून प्रत्येकाच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येते. पहिल्या दोन-चार वचनांत ते लक्षपूर्वक वाचले जाते. पुढे मूल पानाकडे न पाहताच म्हणू लागते. म्हणून पालुपद आम्ही म्हणायचे आणि ‘उपकारस्मरण’सारखे शब्द असलेला आधीचा भाग तिने बोट ठेवून वाचायचा, अशी वाटणी केली आहे. स्तोत्र 23 संडे स्कूलमुळे तोंडपाठ असल्याने तिथे वाचन असे होतच नाही. त्यापेक्षा बायबलमधल्या ‘रूथ’ या छोट्या पुस्तकाचे चार अध्याय बरे. त्यांत गोष्ट आहे, संवाद आहेत, आणि पुढे काय झाले हे कळावे म्हणून मूल स्वतःहून पान उलटते. वंशावळींच्या वाटेला जाऊ नये. नबुखद्नेस्सर हे बाबेलच्या राजाचे नाव न अडखळता उच्चारणे ही काही वाचनाची कसोटी नव्हे.

खरी तक्रार आहे ती छपाईविषयी. आमच्या प्रतीत प्रत्येक पानावर दोन स्तंभ आहेत, कागद इतका पातळ की मागची अक्षरे पुढे दिसतात, आणि टाइप एवढा बारीक की अनुस्वार व रफार मुलाच्या नजरेतून सहज निसटतात. त्यामुळे मोठ्या टायपाची प्रत, किंवा येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एखादे सुटे घ्यावे; मार्कचे 16 अध्यायांचे असून चारांत सर्वांत लहान आहे.

भाषा पुस्तकी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीचा ध्यास घेतला होता. आमच्या हाती असलेल्या प्रतीत मात्र ‘प्रायश्चित्त’, ‘पुनरुत्थान’ असे शब्द पदोपदी भेटतात, आणि ते समजावून सांगायला वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी शेजारी बसावेच लागते.