आईला गावी ठेवायचं की पुण्याला आणायचं? आमचा अनुभव

घरात सध्या हाच प्रश्न चालू असेल तर वाचा. आमची आई 78 वर्षांची, आधी पाटण तालुक्यातल्या गावी होती, आता दीड वर्ष झालं आमच्याकडे पुण्यात, त्यामुळे दोन्हीकडचं बघून झालंय.

माणसांच्या बाबतीत गाव पुढे, यात वादच नाही. गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई जाता येता डोकावायच्या, बीपीची गोळी संपत आली की आठवण करायच्या, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला पोस्टमन मशीन घेऊन घरी यायचे. पुण्यात ब्युरोकडून सांभाळायला मावशी मिळते पण टिकत नाही, आमच्याकडे सहा महिन्यांत चार झाल्या आणि प्रत्येकीला आईनंच सांगायचं की डावा कान ऐकू येत नाही, उजवीकडून बोल.

पण खुब्याचं हाड मोडलं आणि सगळं फिरलं. 108 च्या ॲम्ब्युलन्सने कराडला फुकट नेलं, ऑपरेशनही नीट झालं, खरी अडचण त्याच्या पुढची. फिजिओ आठवड्यातून तीनदा लागणार आणि गावापर्यंत यायला कुणी तयार नाही, 108 काय तातडीलाच, रोजच्या फेरीला नाही. एसटी 75 च्या पुढे 2022 पासून फुकट आहे हो, पण तिची पहिली पायरी आईच्या गुडघ्याच्या वर. खाली मी धरलंय, वरून कंडक्टर हात देतायत, मागं लोक खोळंबलेत आणि तिचा पाय अर्ध्यावर जाऊन परत खाली येतोय. तिसऱ्यांदा ती म्हणाली, राहू दे रे. त्यानंतर गाडी ठरवून नेत होतो, पण एका फेरीच्या पैशात पुण्यात फिजिओ दोनदा घरी येतो, आणि गाडी मिळाली नाही की व्यायाम बुडायचा, गुडघा आखडायचा.

बाकी 70 च्या पुढचं आयुष्मान कार्ड, ज्येष्ठांची 14567 हेल्पलाइन दोन्हीकडे सारखंच, फक्त कार्ड चालणारं हॉस्पिटल किती लांब ते बघा.

हिंडतेफिरते असतील तर गावातून हलवू नका असंच मी म्हणेन, आई अजूनही अंगणाची आठवण काढते. पण धरून उठवायची वेळ आली असेल तर मला तरी पुणं बरं वाटलं. प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, तालुक्याच्या गावीही आता घरी येणारे फिजिओ असतील, ठरवायच्या आधी दोनचार जणांना फोन करून तुमच्या दारापर्यंत येतात का तेवढं विचारा.