टपालाने येणारं स्टॅपेलिया: तुकडे चांगले, सोबतची माती नको

पाकिटात तीन वस्तू येतात. स्टॅपेलिया जायगँटिया या चांदणीसारखं मोठं फूल देणाऱ्या, मांसल खोडाच्या शोभेच्या झाडाचे बोटभर लांबीचे तीन बिनमुळांचे तुकडे, ‘सक्युलेंट मिक्स’ची (मांसल झाडांसाठीच्या तयार मिश्रणाची) एक पिशवी आणि निगेच्या सूचनांचा छापील कागद. टपालखर्चासह 350 रुपये पडतात. हे पैसे एकट्या तुकड्यांनीच वसूल होतात. पिशवी आणि कागद मात्र विदर्भातल्या घरासाठी उपयोगाचे नाहीत, उलट त्यांच्या नादाने रोप कुजण्याचीच शक्यता जास्त.

आधी तुकड्यांविषयी. कुंडीसकट रोप मागवण्यापेक्षा बिनमुळांचे तुकडे मागवणं आपल्याकडे केव्हाही शहाणपणाचं. तालुक्याच्या गावापर्यंत पार्सल चार-पाच दिवसांत येतं, पुढे खेड्यात पोचायला आणखी दोन-तीन दिवस. एवढ्या वेळात ओल्या कुंडीतल्या रोपाची मुळं घुसमटून सडतात, पण कोरडा तुकडा तीन आठवडे नुसता पडून राहिला तरी जिवंत असतो. हे तुकडे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले होते, तेही योग्यच. प्लास्टिकच्या पिशवीत बांधले असते तर घाम धरून टोकं काळी पडली असती. आल्याबरोबर प्रत्येक तुकडा चारही धारांवरून बोटाने चाचपावा. हाताला मखमल लागली पाहिजे. खोड गुळगुळीत आणि धारांवर ठळक दात असतील, तर ते ऑर्बिया व्हॅरिगाटा असण्याची शक्यता मोठी. तेही ‘स्टारफिश कॅक्टस’ याच नावाने विकलं जातं, पण त्याचं फूल पाच ते आठ सेंटीमीटरचं, तर जायगँटियाचं 25 सेंटीमीटरच्या पुढे, कधी 40 पर्यंत. (कॅक्टस यांतलं एकही नाही.) या पाकिटातले तिन्ही तुकडे खरे मखमली निघाले. एकाचं बूड मऊ होतं. तेवढा भाग स्वच्छ ब्लेडने आतला रंग एकसारखा हिरवा दिसेपर्यंत कापला की झालं. कापल्यावर पाण्यासारखा रस येतो, रुईसारखा पांढरा चीक येत नाही. आत तपकिरी ठिपका राहिला तर कूज वर चढतच जाते, म्हणून इथे हात आखडू नये.

आता पिशवी. नाव सक्युलेंट मिक्स, पण आत बहुतेक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चिमूटभर परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे). कोकोपीट ओलं झालं की दिवसेंदिवस ओलंच राहतं, आणि पूर्ण वाळलं की आकसून कुंडीच्या कडा सोडतं. मग घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. पावसाळ्यात घरातली हवा आधीच दमट, त्यात हे मिश्रण म्हणजे बुरशीला आवतण. मिरचीच्या रोपांना ते खुशाल वापरा. स्टॅपेलियासाठी चाळलेला मुरूम दोन भाग, जाडी नदीची रेती दोन भाग, दोन वर्षं मुरलेलं शेणखत एक भाग आणि विटांचा चुरा किंवा चुलीतल्या कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे अर्धा भाग घ्यावेत. मुरूम बारीक चाळणीतून काढून खाली पडलेली धूळ टाकून द्यावी, जाळीवर राहतो तोच वापरावा. शेतातली काळी माती चमचाभरही घालू नये. कपाशीला ती सोनं असली, तरी ओलीत फुगून तीच माती मुळांची हवा तोडते, आणि या झाडाची मुळं वरवरची असल्याने त्यांना पळायला जागा नसते. म्हणूनच खोल कुंडीही नको. कुंभाराकडचा आठ इंच रुंद, चार इंच खोल मातीचा परळ घ्यावा आणि त्याला खाली तीन भोकं पाडून घ्यावीत.

कापलेली टोकं सावलीत पाच ते सात दिवस वाळू द्यावीत. खपली धरली की तुकडा दोन सेंटीमीटर खोवून ठेवावा, किंवा नुसता आडवा टेकवावा. पहिला आठवडा पाणी अजिबात नाही. पुढे कडेकडेने थोडं. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहिलं आणि तुकडा अडला, तर मुळं आली.

सूचनांच्या कागदावर ‘दर आठवड्याला एक कप पाणी, भरपूर कडक ऊन’ असं छापलंय. हा सल्ला कुठल्या हवेसाठी लिहिला ते कळत नाही. हे झाड मूळ आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं, आणि ते रात्रीच्या गारव्यात श्वासरंध्रं (खोडावरची हवा घेण्याची छिद्रं) उघडतं. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा पारा 45 च्या आसपास आणि रात्रही तिशीच्या घरात असते, तेव्हा त्याची वाढ थांबते. मग कप-कप पाणी पिणार कोण? उन्हाळ्यात दहा दिवसांनी, संध्याकाळी, परळ पूर्ण वाळल्यावरच द्यावं. मृग लागल्यावर दमट हवा असेल तर पंधरा दिवसांनी. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कळ्या धरत असतात, तेव्हा आठ-दहा दिवसांनी आणि न चुकता. थंडीत महिन्यातून एकदा, आणि रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की बंद. शंका आली तर झाडूची काडी तळापर्यंत खोचून काढावी. तिला माती चिकटली तर थांबावं. खोडावर बारीक सुरकुत्या पडल्या तरी घाबरू नये, ती तहान असते. खोड पिवळट, मऊ आणि बुडाशी काळं दिसलं तर ते जास्तीचं पाणी.

उजेडासाठी पूर्वेची खिडकी किंवा सपरीचा (ओसरीचा) कडेचा भाग उत्तम. सकाळचं चार तास ऊन पुरतं. खोडं करंगळीसारखी बारीक आणि फिकी होऊन लांबत चालली, तर उजेड कमी पडतोय, आणि अशा खोडाला फूल येत नाही. लालसर छटा आली तर ऊन थोडं जास्त आहे, एवढंच. कूलरच्या झोतात परळ कधीही ठेवू नये. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी घातलं की परळावर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं करपतात. तिथे पावसाचं पाणी दोन-तीन पिंपं साठवून ठेवलं तर एवढ्याशा झाडाला वर्षभर पुरतं.

खताची घाई करू नये. घरात उरलेला युरिया तर नकोच, त्याने खोड फोफसं होऊन लवकर सडतं. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, बस.

कागदावर किडीचा उल्लेखच नाही, ही मोठी उणीव. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण ओळखणाऱ्याला इथला पांढरा कापूसही ओळखू येईल. घराला लागून पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग असेल तर मुंग्या ही कीड आत आणू शकतात. ती खोडांच्या सांध्यात आणि कधी मुळांवरही बसते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक टिपावी, आठवड्याने पुन्हा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावं. शेतातलं औषध घरात फवारू नका, फुलाचं झाड असलं तरी.

फूल हाच या सगळ्या खटाटोपाचा मोबदला. नव्या खोडाच्या बुडाजवळ कळी येते आणि फुग्यासारखी फुगत जाते. या दिवसांत परळ इकडून तिकडे हलवला किंवा पाणी चुकलं तर कळी गळते. उमललं की पाच पाकळ्यांची फिकट पिवळी चांदणी, तिच्यावर तांबड्या बारीक आडव्या रेषा, आणि कडेला मऊ लव. वास सडक्या मांसाचा. विक्रेत्याने ही गोष्ट कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलीय, ती वर हवी होती. त्या वासावर माश्या येतात, मांस समजून अंडीही घालतात, आणि अळ्या उपाशी मरतात. जाता जाता परागाचे पुंजके माशीला चिकटून दुसऱ्या फुलावर जातात. ही पुंजक्यांची रीत रुईचीच, कारण दोघंही एकाच कुळातले. क्वचित फळ धरलंच, तर शिंगांसारख्या जोडशेंगा येतात आणि पिकल्यावर रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात. उमललेलं फूल दोन-तीन दिवस टिकतं. तेवढे दिवस परळ स्वयंपाकघरापासून लांब, सपरीत न्यावा. उमललेल्या फुलाला हलवल्याने काही होत नाही. कोमेजलं की लगेच कापून टाकावं.

तुकड्यांना पाचपैकी साडेचार, मिश्रणाला एक, कागदाला दीड. मागवायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मागवा, म्हणजे पावसाआधी मुळं धरतील. ऑर्डर देताना ‘मिक्स नको, त्याऐवजी चौथा तुकडा द्या’ असं लिहून पाहा.