पुरात बुडालेली 'टोटल लॉस' हॅचबॅक, दोन पावसाळ्यांनंतर

एअरबॅगचा लाल दिवा यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा लागला, आणि लागला तो नेमका विम्याच्या तपासणीचा व्हिडिओ सुरू असताना. पॉलिसी अडकली. त्यामुळे या रिव्ह्यूत थोडी चीड आहे, ती तेवढी वजा करून वाचा. गाडी वाईट नाही.

२०२१ ची पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसी, मॅन्युअल, दोन एअरबॅग. मायलेज, डिकी, फीचर हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. ही नागपूरच्या २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरातली गाडी आहे, एवढंच महत्त्वाचं. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, आणि नाग नदीच्या काठावरच्या ले-आउटमध्ये अंगणातल्या, बेसमेंटमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. ते पाणी नुसतं पावसाचं नव्हतं. गाळ आणि नालीची घाण त्यात होती, आणि दोन वर्षांनंतरचा सगळा त्रास त्या गाळाचाच आहे.

अशा गाडीचा प्रवास ठरलेला असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी तिला टोटल लॉस धरते. गाडी दोन ते तीन वर्षांची असेल तर आयडीव्ही शोरूम किमतीपेक्षा ३० टक्के कमी असतो, म्हणून डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली छोटी गाडी या रेषेपलीकडे सहज जाते. मालकाला पैसे मिळतात, कर्ज असेल तर आधी बँकेला. भंगार सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे जातं, पुष्कळदा आरसीसकट. गाडी कायमची निकामी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द व्हायला हवी. पण 'दुरुस्त होण्यासारखी' म्हणून विकलेल्या गाडीची आरसी जिवंतच राहते, आणि आपल्या आरसीवर टोटल लॉसचा शिक्का मारायला रकानाच नाही.

म्हणून एमपरिवहन या सरकारी ॲपवर सगळं हिरवं दिसतं. त्यातही एक गंमत आहे. टोटल लॉसचे पैसे दिले की जुनी पॉलिसी संपते, पण ॲपमध्ये 'विमा वैध' म्हणून जुनीच तारीख दिसत राहू शकते. ती पाहून गाडी चालवत आणली आणि पोलिसांनी धरलं तर पहिल्या वेळी दोन हजार, पुढच्या वेळी चार हजार दंड. अपघात झाला तर विचारूच नका. गाडी ताब्यात घेण्याआधी निदान थर्ड पार्टी काढावी. १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी.

आता गाडी. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल तक्रार नाही. पाणी ओढलेलं असताना कोणी स्टार्टर मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो वाकलेला रॉड कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सापडतो. चारही सिलिंडरमधला फरक साधारण १ बारच्या आत हवा. इथे होता. इंजिन ऑइलइतकंच गिअरबॉक्सचं ऑइलही काढून बघावं, ते कोणी बघत नाही. दुधाळ दिसलं तर सौदा तिथेच थांबवावा. व्हील बेअरिंग, ब्रेक कॅलिपरच्या पिना, अल्टरनेटर, ब्लोअर मोटर हे विकणाऱ्याने बदललं होतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, एसीने कधी दगा दिला नाही. वर्धा रोडच्या जॅममध्येही थंड.

पहिल्या उन्हाळ्यानंतर हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते. तेव्हा दिवा शांत होता.

आता त्या दिव्याबद्दल, आणि त्याबद्दल जरा जास्तच. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. लागून विझलाच नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही, तर कोणीतरी मीटरमधला तो एलईडीच काढला आहे किंवा मागून काळा केला आहे, आणि हे जास्त वाईट. तिसरा प्रकार सर्वांत हुशार: एअरबॅग काढून टाकायची आणि तिच्या वायरीला दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडायचा. एअरबॅग चालवणाऱ्या मॉड्यूलला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, दिवा शहाण्यासारखा विझतो, आणि समोर धडक झाली तर उघडायला काहीच नसतं. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर इथे बहुतेक वेळा कामाचा नाही, तो इंजिनचे कोड वाचतो. एअरबॅग सिस्टम वाचणारा पूर्ण स्कॅनर लागतो, आणि तरीही कव्हर उघडून डोळ्यांनी बघावं लागतं.

या गाडीत एअरबॅग खऱ्या, मॉड्यूल नवं आणि बिलासकट होतं. मॉड्यूल समोरच्या दोन सीटांमधल्या कन्सोलखाली, फरशीलगत असतं. म्हणजे पाणी कारमध्ये शिरलं की आधी बुडणाऱ्या भागांत ते येतं. बुडालेलं मॉड्यूल वाळवून परत लावणं हा जुगार आहे, आणि भंगारातून आणलेल्यात जुन्या अपघाताचा डेटा साठलेला असू शकतो. काटकसर करायला बाकी गाडी मोकळी आहे, हा भाग नाही.

मग दिवा काहून लागला? समोरच्या सीट बेल्टची रीळ बी-पिलरच्या बुडाशी, प्लास्टिक ट्रिमच्या आत असते. तिथेच धडकेत बेल्ट ताणणारा प्रीटेन्शनर आणि त्याचा पिवळा कनेक्टर असतो. प्रीटेन्शनर बदलले होते, कनेक्टरमधल्या वायरीकडच्या पिना जुन्याच ठेवल्या होत्या. गाळातल्या ओलीने त्यांवर हिरवट थर धरलेला. मॉड्यूल या सर्किटचा रोध सतत मोजत असतो आणि तो मुळातच दोन-तीन ओहम असतो, त्यामुळे पिनेवरच्या थराने थोडासा वाढला तरी दिवा लागतो. उन्हाळ्यात पिना कोरड्या, दिवा गप्प. जुलैत हवा दमट झाली की दिवा हजर.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: पूर्ण वायरिंग हार्नेस आणि पुन्हा नवं मॉड्यूल. कोड मात्र फक्त ड्रायव्हर बाजूच्या प्रीटेन्शनरच्या जास्त रोधाचा होता, हे त्यांच्याच प्रिंटवर छापलेलं. कोड वाचायला पैसे घ्यायचे आणि कोड न वाचता एस्टिमेट काढायचं, हे गणित समजलं नाही. एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने तो कनेक्टर आणि पिना नव्या लावल्या, कोड पुसला, दिवा गेला. एस्टिमेटच्या पासंगालाही पुरणार नाही इतका खर्च. हे काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून दोन-तीन मिनिटं थांबणं सक्तीचं समजा, आणि साध्या मल्टिमीटरने प्रीटेन्शनर किंवा एअरबॅगचा रोध कधीच मोजू नका. मीटरचा करंटसुद्धा तो उडवू शकतो.

इथे मत बदललं, हे लिहायलाच हवं. लाल दिव्याचा राग होता, पण तो दिवा लागला याचा अर्थ मॉड्यूल जागं होतं आणि सर्किट खरं होतं. रेझिस्टर घातलेल्या गाडीचा दिवा तपासणीत विझला असता आणि पॉलिसी विनासायास निघाली असती. विमा कंपनीची व्हिडिओ तपासणी एवढाच फरक बघते.

विम्याचं म्हणाल तर पहिलं वर्ष थर्ड पार्टीवर काढलं, कारण एका कंपनीने ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, सरळ नाकारलं आणि दुसरीने झीरो डेपशिवायच (म्हणजे भागांचा घसारा कापूनच) दिलं असतं. गाडीचा इतिहास लपत नाही. विमा कंपन्या दाव्यांची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ऑफ इंडियाकडे देतात. त्यामुळे प्रपोजलमध्ये स्वतःहून लिहावं: 'सप्टेंबर २०२३ मध्ये पाण्यामुळे टोटल लॉस, दुरुस्त, बिलं सोबत.' ईमेलवर लिहावं म्हणजे कागद राहतो. एजंट 'लिहायची गरज नाही' म्हणेल, कारण क्लेम नाकारला गेला तर नुकसान त्याचं नसतं.

थर्ड पार्टीवरून कॉम्प्रिहेन्सिव्हवर (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही) जाताना तपासणी होतेच. चेसिस नंबर, इंजिन चालू असताना मीटर, चारही बाजू, काचा. तपासणी अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात लिहिलेला प्रत्येक ओरखडा पुढच्या क्लेममधून वगळला जातो. खरेदीआधीही त्याच नजरेने बघा: समोरची काच बदललेली असेल तर एचएसआरपीचा (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा) काचेवरचा तिसरा स्टिकर गायब असतो, आणि बेल्ट पूर्ण ओढला की टोकाशी गाळाची रेघ दिसते.

प्रीमियमची खरी खोच आयडीव्हीत आहे. तो गाडीच्या इतिहासावर ठरत नाही, शोरूम किंमत आणि वयावर ठरतो: तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट, चार ते पाचला ५०. म्हणजे बाजारभावाच्या निम्म्यात घेतलेल्या गाडीचा प्रीमियमही धडधाकट गाडीइतकाच. आयडीव्ही खाली ओढून प्रीमियम वाचवायचा मोह टाळा, त्यातला फायदा किरकोळ असतो. पैसे वाचवायचे तर एनसीबीतून, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीतून. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना एनसीबीचं पत्र घेतलं असेल तर ते तीन वर्षं चालतं आणि या गाडीच्या ओन डॅमेजवर लागतं. विकणाऱ्याचा एनसीबी मात्र चुकूनही लावू नका. दुसरा खर्च इंजिन प्रोटेक्टवर करावा. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं, पण पाण्यात स्टार्टर मारून गेलेलं इंजिन त्याशिवाय येत नाही.

नाव बदलण्याचं काम वाटलं त्यापेक्षा किचकट. लिलावातून आलेल्या गाडीची आरसी बहुतेक वेळा पूरग्रस्त मालकाच्याच नावावर असते आणि मध्ये दोन-तीन हात फिरलेले असतात. फॉर्म २९ आणि ३० वरची सही त्याचीच लागते, ओटीपीही त्याच्याच मोबाईलवर जातो. कर्ज असेल तर बँकेची एनओसी पुरत नाही, फॉर्म ३५ भरून बोजा उतरवलेला दिसायला हवा. नाव लागलं की विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं. मूळ मालकाचं हितही यातच आहे: २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात नोंदणीकृत मालकालाच अपघाताच्या भरपाईसाठी जबाबदार धरलं. हे त्याला फोनवर सांगितलं की ओटीपी लवकर येतो.

धडधाकट गाडीच्या साठ टक्क्यांपर्यंत हा सौदा परवडतो, आणि त्यात नवं मॉड्यूल, नवे प्रीटेन्शनर बिलासकट हवेत. पासष्ट मागत असेल तर चांगली जुनी गाडीच घ्यावी. आता पॉलिसी निघाली आहे, झीरो डेप नाही, इंजिन प्रोटेक्ट आहे. पहिल्या पावसात मागच्या सीटखालून अजून गाळाचा वास येतो. तो फोममध्ये आहे, कितीही ड्रायक्लीन केलं तरी जाणार नाही. फोमसकट नवं कार्पेट ऑर्डर केलं आहे.