डिचोलीकडची नर्सरी: रोप झकास, पाटी अर्धवट

पाटीवर फक्त 'चिनी हनीसकल'. जात विचारली तर मालक म्हणाले, "बाई, वेल ती वेल!" वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेल्या मला हे कसं पटावं? हनीसकलच्या, म्हणजे लोनिसेरा प्रजातीतली फुलं चीनमध्ये औषधाला वापरतात, पण २००५च्या तिथल्या औषधकोशाने जॅपोनिका ही जात तेवढी 'जिन यिन हुआ' या औषधी नावाखाली ठेवली. हायपोग्लॉका, मॅक्रँथॉइड्स वगैरे जाती 'शान यिन हुआ' या वेगळ्या नावाखाली गेल्या. फुलं येताच भिंग काढलं. फुलांच्या जोडीखाली पानांसारखी मोठी सहपत्रं (फुलांच्या बुडाशी येणारी पानं), पानामागे हायपोग्लॉकाचे नारिंगी ग्रंथी-ठिपके नाहीत. जॅपोनिकाच! (पांढरं फूल पिवळं पडतं, पण त्यावरून जात ठरत नाही.) मुळं भरगच्च, वास जाईच्या तोंडात मारेल असा. मात्र शेजारच्या मधुमालतीलाही तीच पाटी. तिचं तर कुळच वेगळं. चार तारे. घेताना पान उलटून बघा.