अण्णांच्या वाचनासाठी ३८ हजारांचं मशीन घेतलं आणि फसलो

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८, कराडकडच्या एका हायस्कूलला ३१ वर्षं मराठी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. डॉक्टर म्हणाले कोरड्या प्रकारची झीज आहे, गेलेली नजर परत येणार नाही. आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही पण दारातनं मांजर गेलेलं बरोबर कळतं, कारण बाजूची नजर शाबूत आहे. पेपर सुटला, ज्ञानेश्वरी सुटली, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं.

मागच्या वर्षी गावात मोफत नेत्र तपासणी शिबिर होतं, तिथं कोपऱ्यात एका माणसाने टेबल मांडलेलं. स्टँडवर कॅमेरा, खाली कागद ठेवला की मशीन वाचून दाखवतं. त्याने प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद ठेवला, मशीनने खणखणीत मराठी वाचलं. नेट लागत नाही, सगळ्या भाषा चालतात, मोठे डोळ्यांचे डॉक्टर हेच सुचवतात, आणि ५२ हजारांचं मशीन फक्त आजच्या दिवस ३८ हजारांना. अण्णांच्या पिशवीत त्या दिवशीचा पेपर होता. तो ठेवून बघूया हे मला सुचलंच नाही. मी लगेच पैसे पाठवले आणि पावती म्हणून छापील पॅडवरचा हिरवा कागद घेतला, त्यावर जीएसटी नंबर नव्हता हे नंतर दिसलं.

घरी आल्यावर पेपर ठेवला तर बोलेना. फोन केला तर म्हणाला वायफाय लावा. म्हणजे नेट लागतंच. लावलं तर कॉलम न ओळखता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओळ वाचत सुटलं, त्यामुळे निधन वार्ता आणि शेजारचा कांद्याचा भाव एकात एक. अण्णा तीनदा विचारत होते, "कोण गेलं रे? नाव काय म्हणालं?" आणि मला पण सांगता येईना. आवाज हिंदीचा, 'जवळ' मधला ज हिंदीतल्या 'जल'सारखा. पन्नास वर्षं मराठी शुद्ध बोललेल्या माणसाला ते किती टोचत असेल. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचं तर काय झालं ते लिहवत नाही.

पंधरा दिवसांनी माझा भाचा आला. त्याला जन्मापासून दिसत नाही, बँकेत आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आवाज ऐकल्या ऐकल्या म्हणाला, "मामा, हा मोबाईलमधला फुकटचा आवाज आहे, माझ्या फोनमध्ये पण आहे." मागचा स्टिकर उचकटला तर खाली आयएमईआय नंबर, म्हणजे मोबाईलवर असतो तो ओळख नंबर! साधा अँड्रॉइड मोबाईल काळ्या डब्यात बसवलेला, आत एक फुकट ॲप. त्याने अण्णांच्याच मोबाईलमध्ये मराठी आवाज टाकून गुगल लेन्सने एक पॅरा वाचून दाखवला, मशीनपेक्षा बरा. एनव्हीडीए पण फुकट आहे, त्यात मराठी आहे. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप आहे, ते पण फुकट.

पण खरी गोष्ट अण्णा त्या दिवशी बोलले. "मला ऐकायचं नाहीये रे, मला वाचायचंय." विकणाऱ्याने हे विचारलं नाही आणि मुलगा असून मी पण नाही. अजिबात दिसत नाही त्याला बोलणारं मशीन कामाचं, पण थोडं दिसतंय त्याची आधी उरलेली नजर मोजायला पाहिजे. ती लो व्हिजन क्लिनिकमध्ये मोजतात, डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात असतं. आम्ही पुण्याला गेलो, तिथल्या मॅडमनी दीड तास दिला. पेपरचं अक्षर कितपत दिसतं बघून पाच-सहा भिंगं लावून बघितली, पॉवर वाढवली की एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात हे समजावलं, आणि शब्दाच्या जरा वर बघायला शिकवलं म्हणजे तो बाजूच्या नजरेत येतो. शेवटी कागदावरच टेकवायचं, आत लाईट असलेलं भिंग निघालं. अण्णांचा हात थरथरतो, पण भिंग कागदावर टेकलेलं असल्याने अक्षर हलत नाही. किंमत साडेतीन हजार.

तुम्ही कोणासाठी काही घेणार असाल तर त्या माणसाचा स्वतःचा पेपर, स्वतःची पोथी, औषधाची चिठ्ठी घेऊन जा आणि नेट बंद करून वाचायला लावा. ऐकायचंय की वाचायचंय ते त्यालाच विचारा. परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, जीएसटी नंबर बघा, बिघडलं तर दुरुस्ती कुठं होणार ते विचारा, नुसता मोबाईल नंबर चालणार नाही. मुंबईत असाल तर सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आहे, अंधांसाठी काम करणाऱ्या नॅब संस्थेचं ऑफिस वरळीला आहे, पैसे देण्याआधी तिथं विचारा.

त्या माणसाचा फोन आता बंद लागतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार केली, मग ग्राहक आयोगात ऑनलाइन केस टाकली, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. पावतीवरच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत आली, तिथं चपलांचं दुकान आहे म्हणे. बँकेचं स्टेटमेंट जोडलंय, पुढची तारीख मिळाली आहे. अण्णा सकाळी गॅलरीत उन्हाला बसून वीस मिनिटं वाचतात, मग डोळे दुखतात. काल दोन ओव्या झाल्या.