बाळाच्या टबाचे रंग बदलणारे बूच: काही महिन्यांच्या वापरानंतर

घडीचा टब, आत जाळी आणि तळाशी रंग बदलणारे बूच ही रचना बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे मी थेट बुचाविषयीच लिहिते. पाणी ३७ अंशांच्या वर गेले की निळे बूच पांढरे होते, आणि एवढ्या एका सोयीसाठी आम्ही साध्या टबापेक्षा बरेच जास्त पैसे मोजले होते. नाळ गळून पडेपर्यंत आम्ही बाळाला ओल्या फडक्याने पुसून घेत होतो. नंतर टब काढला, तेव्हा सुरुवातीला बूच चोख होते. आता मात्र ते गार पाण्यातही पांढरेच असते आणि त्याच्या इशाऱ्याकडे घरात कोणी लक्ष देत नाही. हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

कंपनीचे उत्तर असे, की उन्हाने रंग उडाला, तो वॉरंटीत बसत नाही आणि सुटे बूच मिळत नाही. माहितीपत्रकात टब प्रत्येक वेळी पूर्ण वाळवावा असे लिहिले आहे. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये तो खिडकीच्या ग्रिलवर नाही तर कुठे वाळवायचा? एका बुचासाठी नवा टब घेणे मला मान्य नाही.

बूच गेले म्हणजे टबही निरुपयोगी झाला, असे मला आधी वाटले होते. ते मत आता बदलले आहे. मालिशवाल्या मावशी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतात आणि कढत पाण्यात विसण घालतात. टबात मात्र आम्ही आधी गार पाणी घेतो, मग गिझरचे मिसळतो, कारण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. पाणी ढवळून कोपराने पाहतो, शिवाय स्वस्तातला पाण्याचा थर्मामीटर आणला आहे. तो ३७-३८ अंश दाखवू लागला की मगच बाळाला आत घेतो.

जाळीवर बाळ निवांत पहुडते, पण ती सुरक्षेचे साधन नव्हे. चार बोटे पाण्यातही तान्हे बाळ बुडू शकते, म्हणून टॉवेल आणि कपडे आधीच हाताशी ठेवतो आणि दाराची बेल वाजली तरी बाळावरचा हात काढत नाही. पावसाळ्यात जाळी दिवसभर दमट राहते, त्यामुळे ती काढून वेगळी वाळवावी लागते.

टब दणकट आहे, घडी घालून दारामागे मावतो. तरीही रंग बदलणाऱ्या बुचासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये, आणि ते सुटे विकावे ही मागणी मी कंपनीकडे लेखी केली आहे.