नगरसेवकपदाची उमेदवारी: पक्षाचे तिकीट, शहर आघाडी की अपक्ष?

महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झाले आणि दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती असलेल्या शहरांत लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. पुढील निवडणुकीत आपणही उभे राहावे, असा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासमोर साधारणपणे तीन मार्ग असतात: एखाद्या मोठ्या पक्षाचे तिकीट मिळवणे, शहरापुरत्या आघाडीतून लढणे किंवा अपक्ष म्हणून अर्ज भरणे. हा निर्णय बहुतेकदा केवळ ‘कशाने निवडून येऊ’ या एकाच प्रश्नावर घेतला जातो. माझ्या मते, निवडून आल्यानंतरची पाच वर्षे सभागृहात आपल्याला काय करता येईल, या प्रश्नालाही त्यात तितकेच वजन असायला हवे.

पात्रतेच्या अटी तिन्ही मार्गांना सारख्याच आहेत. वय किमान 21 वर्षे असावे, त्या शहराच्या मतदार यादीत नाव असावे, 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यांमुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झालेली नसावी आणि पालिकेची थकबाकी नसावी. शौचालयाच्या वापराचा दाखलाही लागतो. राखीव जागेवर लढायचे असेल तर जात पडताळणीचे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच हाती घ्यावे, कारण वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न केल्याने निवडून आलेल्यांची पदे रद्द झालेली आहेत.

मार्ग निवडताना सर्वप्रथम प्रभागाची रचना पाहावी. नगरपंचायतीत 17 प्रभाग असतात आणि प्रत्येकातून एकच सदस्य निवडला जातो. नगरपरिषदेत प्रभाग सामान्यतः दोन सदस्यांचा असतो. महापालिकांत तो बहुतांशी चार सदस्यांचा असतो, मात्र मुंबईत 227 प्रभागांतून प्रत्येकी एकच नगरसेवक निवडला जातो. नगरपरिषदेच्या मतदाराला प्रभागातील दोन जागांसाठी दोन आणि थेट नगराध्यक्षासाठी एक, अशी तीन मते द्यायची असतात, आणि एकाच चिन्हासमोरची तीन बटणे दाबणे त्याला सर्वांत सोपे वाटते. पॅनेलचे, म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांच्या संचाचे, बळ याच सोयीतून येते. एकसदस्यीय प्रभागात घरोघरी ओळख असलेला अपक्ष मोठ्या पक्षाला भारी पडू शकतो. बहुसदस्यीय प्रभागात मात्र ‘एक मत पॅनेलला नको, मला द्या’ असे प्रत्येक मतदाराला वेगळे समजावून सांगावे लागते, आणि हे काम दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

ते आणखी अवघड होते ते वेळापत्रकामुळे. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत 17 नोव्हेंबरला संपली, चिन्हवाटप 26 नोव्हेंबरला झाले आणि मतदान 2 डिसेंबरला. मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह मतदाराला वर्षानुवर्षे माहीत असते. अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून मिळालेले चिन्ह प्रभागात पोहोचवण्यासाठी आठवडाभरही मिळाला नाही. पत्रके, फलक, नमुना मतपत्रिका हे सारे चिन्ह हाती आल्यानंतरच छापता येते. म्हणून अपक्षाच्या बाबतीत चिन्हापेक्षा नाव आधी पोहोचलेले असणे अनिवार्य ठरते; पाणी, कचरा, रस्ते यांसाठी चार-पाच वर्षे सातत्याने केलेले काम हाच त्याचा खरा प्रचार असतो.

पक्षाच्या तिकिटाची अनिश्चितता वेगळ्या प्रकारची आहे. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निवडणुकीच्या जेमतेम काही आठवडे आधी निघते, आणि ज्या प्रभागात तयारी केली तोच महिला किंवा मागास प्रवर्गासाठी राखीव झाला, तर सारे गणित बदलते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने याचा फटका अनेक पुरुष इच्छुकांना बसतो; त्याच नियमामुळे घरातील पुरुषाची सोय म्हणून नव्हे, तर स्वतःच्या कामाच्या बळावर पुढे येणाऱ्या महिलांना दार उघडते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सोडत मनासारखी झाली तरी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, शेवटच्या दिवसापर्यंत हाती पडत नाही, आणि निष्ठेने काम केलेल्या कार्यकर्त्याऐवजी कालच पक्षात आलेल्याला तो दिला जाणे हे आपल्याकडे सर्रास घडते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो, तर अपक्षाला पाच लागतात. त्यामुळे तिकिटाची खात्री कितीही असली, तरी प्रभागातील पाच मतदारांच्या सह्या असलेला स्वतंत्र अर्ज तयार ठेवणे शहाणपणाचे आहे.

खर्चाची मर्यादा मार्गानुसार बदलत नाही. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत सदस्यपदासाठी ती ‘अ’ वर्ग नगरपरिषदेत 5 लाख, ‘ब’ वर्गात 3 लाख 50 हजार, ‘क’ वर्गात 2 लाख 50 हजार आणि नगरपंचायतीत 2 लाख 25 हजार रुपये होती. पक्षाकडून पैसा मिळेल असे गृहीत धरू नये. पक्ष देतो ती माणसे, म्हणजे मतदान केंद्रावरील प्रतिनिधी, मतदार याद्या पडताळणारे कार्यकर्ते आणि सभा घेणारे नेते. अपक्षाला हे सारे मित्र, नातेवाईक आणि मंडळांतून उभे करावे लागते. खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत सर्वांनीच सादर करायचा असतो, अगदी पराभूत उमेदवारानेही. तो न दिल्यास पुढील निवडणुकीसाठी अपात्रता ओढवू शकते.

आता निकालानंतरचा भाग. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी 1986 चा स्वतंत्र अनर्हता कायदा आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या नगरसेवकाने पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मतदान केले, तर त्याचे पद जाऊ शकते. करवाढ किंवा एखादा ठेका प्रभागाच्या हिताचा नाही असे मनापासून वाटत असूनही हात वर करावा लागण्याची वेळ येऊ शकते, आणि हे तिकीट मागण्यापूर्वीच पत्करलेले असावे. अपक्षावर पक्षादेशाचे बंधन नसते, परंतु निवडून आल्यावर त्याने एखाद्या पक्षात प्रवेश केला तर तोही अपात्र ठरतो. शिवाय विषय समित्यांवरील जागा आणि स्वीकृत (थेट निवडून न येता सभागृहात घेतल्या जाणाऱ्या) सदस्यांची निवड पक्षांच्या व गटांच्या संख्याबळानुसार होते, त्यामुळे एकटा अपक्ष सर्वसाधारण सभेत बोलू शकतो, पण समितीच्या टेबलापर्यंत क्वचितच पोहोचतो. यावर कायद्यातच एक वाट आहे: निकालानंतर एका महिन्याच्या आत समविचारी सदस्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे आघाडी किंवा गट म्हणून नोंदणी करणे. ही मुदत चुकवू नये. निधीच्या बाबतीत मात्र सत्ताधारी पक्षाचा नगरसेवक उघडपणे सरस ठरतो, कारण नगरोत्थानसारख्या राज्याच्या शहरविकास योजना आणि जिल्हा नियोजन समितीचा पैसा पालकमंत्री व आमदारांच्या शब्दावर बराच अवलंबून असतो.

शहर आघाडी या दोहोंच्या मधली आहे. वसई-विरारमध्ये बहुजन विकास आघाडीने महापालिका चालवून दाखवली, कोल्हापुरात ताराराणी आघाडीने दीर्घकाळ राजकारण घडवले, आणि अनेक लहान शहरांत ‘शहर विकास आघाडी’ या नावाचा पर्याय मतदारांच्या परिचयाचा आहे. आघाडीत पॅनेल मिळते, खर्च वाटला जातो, समित्यांत संख्याबळ मोजले जाते आणि निर्णय मुंबईत नव्हे, तर गावातच होतात. तिचे दोष दोन. बऱ्याच आघाड्या एखाद्या घराण्याच्या असतात आणि तो नेता ऐन वेळी एखाद्या पक्षात गेला की बाकीचे उघड्यावर पडतात. दुसरे, आघाडीची निवडणूक आयोगाकडे नोंदणी नसेल, तर तिचे उमेदवार कागदोपत्री अपक्षच ठरतात आणि सर्वांना एकच चिन्ह मिळण्याची खात्री राहत नाही. सामील होण्यापूर्वी नोंदणीचा कागद स्वतः पाहावा.

माझे मत विचाराल तर नगरपंचायतीत, नाव घरोघरी पोहोचलेले असेल तर, अपक्ष लढण्यात काहीच कमीपणा नाही. द्विसदस्यीय नगरपरिषदेत नोंदणीकृत आणि एका माणसावर न टेकलेली आघाडी उपलब्ध असेल, तर मी तिला पहिली पसंती देईन. तशी नसेल तर पक्षाचे तिकीट घ्यावे, मात्र स्थानिक प्रश्नांवर पक्षादेश किती वेळा आणि कशासाठी निघतो, हे त्या पक्षाच्या माजी नगरसेवकांकडून आधी समजून घ्यावे. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात पहिल्यांदाच उभे राहणाऱ्याने एकट्याने उतरू नये, आणि उतरायचेच असेल तर उरलेल्या तीन जागांसाठी भरवशाचे तीन सहकारी आजपासूनच शोधायला लागावे.